जाळ्याच्या कडेचे शिसे

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात गेली एकोणीस वर्षे मी स्त्रीरोग आणि प्रसूतीचे काम करते. गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी असणे ही इथे इतकी रोजची गोष्ट आहे की, केसपेपरवर हिमोग्लोबिनचा आकडा दिसला की हात आपोआप लोहाच्या गोळ्या लिहू लागतो. या सवयीपायी माझ्या हातून जी चूक झाली, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

ती बावीस-तेवीस वर्षांची पहिलटकरीण किनाऱ्यालगतच्या एका गावातून तपासणीला येत असे. एप्रिलमध्ये तिने नाव नोंदवले तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ होते, जूनमध्ये ते ९ झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सहावा महिना चालू असताना, ८.१ वर आले. पोटात मुरडा येतो, चार-चार दिवस शौचाला होत नाही, तोंडाला चव नाही, अशा तिच्या तक्रारी होत्या. गर्भारपणात मलावरोध होतोच आणि लोहाच्या गोळ्यांनी तो वाढतो, त्यामुळे मी त्या तक्रारींचा वेगळा विचार केला नाही. उलट, त्रास होतो म्हणून ती गोळ्या टाळत असणार असे मी गृहीत धरले आणि सासूच्या देखत तिला चांगलेच बोलले. तिने वाद घातला नाही. "डॉक्टरबाई, एकही चुकवली नाही," असे म्हणून तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढली आणि टेबलावर एकावर एक रचून ठेवली. एप्रिलपासूनची सगळी पाकिटे तिने जपून ठेवली होती. मी ती मोजली. हिशेब बरोबर होता.

थॅलेसेमियाचा अंश नाही हे आधीच्या तपासणीत कळले होते आणि शरीरातील लोहाचा साठाही या रक्ताला शोभेल इतका रिता नव्हता. मग रक्त वाढत का नाही, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच नीट पडला. मी रक्ताचा काचपट्टीवरील नमुना तपासायला पाठवला. तासाभराने आमचा प्रयोगशाळा तंत्रज्ञ स्वतः खोलीत आला आणि म्हणाला, "मॅडम, तिला घरी पाठवू नका. मला बोटातून ताजा थेंब हवा आहे." नळीतले रक्त गोठू नये म्हणून वापरतात त्या ईडीटीएमध्ये नमुना काही वेळ राहिला की पेशींवरील बारीक ठिपके पुसट होतात, आणि त्याला नेमक्या त्या ठिपक्यांचाच संशय आला होता. ताज्या थेंबाची काचपट्टी रंगवून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फिकट, लहान लाल पेशी दिसत होत्या आणि त्यांतल्या कित्येकींच्या अंगावर, पापडावर जिरे विखुरलेले असावे तसे गडद निळे कण होते.

शिशाच्या विषबाधेचे हे चित्र मी पुस्तकात पाहिले होते, रुग्णाच्या रक्तात कधी पाहिले नव्हते. शिसे हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवते, त्यामुळे लोह असूनही ते कामी येत नाही. पेशी परिपक्व होताना तिच्यातील जुने अवशेष साफ करणारे विकरही ते निकामी करते, आणि ते न काढलेले अवशेष म्हणजेच हे निळे ठिपके. मुरडा, मलावरोध आणि गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय या तिन्ही गोष्टी चार महिने माझ्यासमोर वेगवेगळ्या बसल्या होत्या. त्या एका काचपट्टीवर त्या एकत्र आल्या.

मी तिला पुन्हा बसवले आणि एकेक विचारत गेले. कोणती भस्मे किंवा मात्रा घेतेस का, सुटा शेंदूर किंवा काजळ वापरतेस का, फार भडक पिवळी हळद कुठून आणली आहे का, घराचा जुना रंग खरवडून काढला का, कोणी बॅटरीचे काम करते का. प्रत्येक प्रश्नाला नाही असे उत्तर आले. नवरा काय करतो, तर मासेमारी. मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार तेवढ्यात, काही विशेष सांगत नसल्याच्या सुरात ती म्हणाली, "पावसात बंदी असते ना, तेव्हा आम्ही घरीच जाळी भरतो. शिसे वितळवून गुळ्या पाडतो."

१ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, आणि फाटकी जाळी शिवणे, दोऱ्या बदलणे, पागेराच्या, म्हणजे फेकायच्या गोल जाळ्याच्या, कडेला नवी वजने ओवणे ही सगळी कामे याच काळात होतात. त्या बाईच्या पोटातले बाळ तेव्हा चौथ्या-पाचव्या महिन्यात होते.

त्याच दिवशी दुपारी मी आमच्या परिचारिकेला घेऊन तिच्या घरी गेले. मागच्या पडवीला लागून स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मातीची चूल. चुलीशेजारी एक काळी पडलेली लोखंडी कढई, लांब दांड्याची पळी आणि दोन फळ्यांचा साचा ठेवला होता. सासऱ्यांनी मला सगळे कौतुकाने दाखवले, कारण ते काम त्यांना उत्तम येत होते. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटरीतल्या पट्ट्या आणायच्या, कढईत वितळवायच्या, वर जमणारी राखाडी साय पळीने काढून मागच्या दारी टाकायची आणि खालचा चकचकीत रस साच्यात ओतायचा. पाऊस आत येतो म्हणून दार-खिडकी लावून घ्यायची. गुळ्या ओवणे आणि दोरीवर घट्ट बसवणे हे काम सुनेचे. मी तिला करून दाखवायला सांगितले. तिने एक गुळी दोरीवर सरकवली, खाचेत दोरी बसवली आणि खाच मिटवण्यासाठी ती गुळी दाढेखाली धरून दाबली.

परिचारिकेने माझा हात धरला. मी काही क्षण बोलू शकले नाही. त्याच चुलीवर भात शिजत होता आणि ज्या जमिनीवर ती राखाडी पूड सांडत होती, तिथेच सगळे जेवायला बसत होते. वितळलेल्या शिशाच्या वाफेपेक्षाही ही पूड अधिक वाईट, कारण ती हाताला, भांड्याला, केरसुणीला लागते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्या घरात निष्काळजीपणा कुठेच नव्हता. भांडी लखलखीत होती, सुनेसाठी दूध वेगळे काढून ठेवलेले होते.

वार (प्लासेंटा) म्हणजे आईच्या रक्तातले वाईट ते अडवणारी गाळणी, असा समज बायकांमध्ये आहे आणि खरे सांगायचे तर पुष्कळ डॉक्टरांच्या मनातही तो कुठेतरी असतो. शिशापुढे ही गाळणी चालत नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तात शिशाचे प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास असते. शरीराच्या दृष्टीने शिसे कॅल्शियमसारखे दिसते, हे त्याच्या घातकपणाचे मूळ आहे. कॅल्शियमसाठी असलेल्या वाटांनी ते आत शिरते, वर्षानुवर्षे हाडांत साठून राहते, आणि गर्भारपणात बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटू लागले की त्याच्याबरोबर हे जुने शिसेही रक्तात उतरते. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बाळाच्या मेंदूतील चेतापेशी जन्मून आपापल्या ठरलेल्या जागी सरकत असतात. पुढे त्यांच्यातले अनुबंध जुळतात, नको असलेले गळतात, आणि हा सारा व्यवहार कॅल्शियमच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर चालतो. तिथे शिसे घुसले की इशारे चुकतात. बाळ जन्मते तेव्हा वजन, रडणे, रंग सगळे ठीक असू शकते, आणि जे बिघडले ते भाषेत, लक्ष टिकवण्यात किंवा शाळेच्या बाकावर काही वर्षांनी दिसते.

तिच्या रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. अहवाल आठ दिवसांनी आला: डेसिलिटरमागे ४३ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ किंवा त्याहून अधिक आकडा आला तरी शिशाचा उगम शोधून तो बंद करायचा असतो, आणि ज्याच्याखाली धोका नाही अशी पातळी कोणालाच ठाऊक नाही. २००५ मध्ये सात ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा मुलांच्या रक्तातले शिसे २.४ वरून १० वर जाताना बुद्ध्यंक सरासरी ३.९ ने घटलेला दिसला, तर १० वरून २० वर जाताना आणखी १.९ ने. म्हणजे घसरणीचा सर्वांत तीव्र भाग अगदी सुरुवातीलाच आहे.

४३ हा आकडा शिसे बांधून बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार ज्या ४५ पासून सुरू होतो, त्याच्या जेमतेम खाली होता. औषधाच्या आधी तिला त्या घरातून बाहेर काढणे आवश्यक होते, आणि त्यासाठी आपल्याकडे एक सोय परंपरेनेच आहे: माहेर. फक्त ती दोन महिने आधी जाणार होती आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. सासूबाईंचे डोळे भरून आले. चवथीला सून घरात नाही म्हणजे लोक काय समजतील, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना आजी म्हणते. "आजी, लोकांना सांगा की डॉक्टरबाईंनी पाठवले. माझे नाव घ्या," एवढेच मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

मासे बंद करायचे का, हेही त्यांनी विचारले. मी नको म्हटले. मोरीसारख्या (शार्क) मोठ्या, दुसरे मासे खाऊन वाढणाऱ्या माशांत पारा साठतो, म्हणून गरोदरपणात ती टाळावी. तारली, बांगडा, सुंगटे (कोळंबी) यांत तो थोडा असतो, आणि बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धद्रव्ये त्यांच्यातून मिळतात. भीतीपोटी ताटातला मासा काढून घेतला तर आपण बाळाचे दुसरेच नुकसान करून बसतो.

घराची सफाई परिचारिकेने उभे राहून करवून घेतली. कोरडी केरसुणी अजिबात नाही, सगळे ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने. चुलीच्या आसपासची आणि मागच्या दारची वरची माती काढली, कढई आणि साचा घरातून गेले. सासरे गप्प बसून होते. शेवटी म्हणाले की, त्यांच्या लहानपणी जाळ्याला भाजलेल्या मातीची वजने असत, आणि मासे तेव्हाही मिळत होते. माहेरी तिला कॅल्शियम रोज दोन वेळा चालू ठेवले, लोहाच्या गोळ्या वेगळ्या वेळी, कारण शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असले की आतडी शिसे अधिक शोषून घेतात. मुरडा तीन आठवड्यांत थांबला. रक्त हळूहळू चढू लागले.

नोव्हेंबरच्या अखेरीस तिला मुलगा झाला. आईच्या रक्तात तेव्हा २९ आणि नाळेच्या रक्तात २४ इतके शिसे होते. अंगावर पाजायला काहीच हरकत नव्हती, ते मी स्वतः तिला समजावून सांगितले. नवव्या दिवशी नाळ गळून पडली ती सासूबाईंनी फडक्यात बांधून ठेवली, आणि मला मिनामाताची आठवण झाली. जपानमधल्या त्या कोळी वस्तीत कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून बायकांच्या पोटात गेला. हा रोग १९५६ मध्ये उघडकीस आला. स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांना जन्मतःच मेंदूला गंभीर इजा झालेली मुले झाली. त्या घरांनीही बाळांच्या वाळलेल्या नाळा रिवाजाप्रमाणे डबीत जपून ठेवल्या होत्या, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याच नाळांतला पारा मोजून गर्भातल्या विषबाधेचा पुरावा मिळाला.

बाळाच्या रक्तातले शिसे सहाव्या महिन्यात १० आणि वर्षाचा झाल्यावर ६ झाले. त्याने मान वेळेवर धरली, तो बसला वेळेवर, चालला चौदाव्या महिन्यात. हे सारे ऐकून घरच्यांना वाटते की संकट टळले. मला ते तसे सांगता येत नाही. शिसे नसते तर हे मूल कसे असते, हे या एका मुलाकडे पाहून कोणालाच सांगता येणार नाही, आणि रक्तातला आकडा उतरला म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात जे घडले ते परत फिरत नाही. जपून सांभाळणे, भरपूर बोलणे, गोष्टी सांगणे, लोह पुरेसे देणे आणि ठरलेल्या वेळी तपासत राहणे, हे आपल्या हाती उरते. त्या एप्रिलमध्ये, गोळ्यांच्या पहिल्या पाकिटाबरोबर, पावसाळ्यात घरात काय काम चालते एवढे मी विचारले असते तर जूनमध्ये ती चुलीपाशी बसली नसती. आता नाव नोंदवतानाच्या कागदावर आहाराच्या रकान्याखाली मी हाताने आणखी एक रकाना आखते: घरातील काम. गेल्या मे महिन्यात त्या रकान्यामुळे त्याच वाड्यातल्या आणखी दोन घरांतले साचे आम्हाला सापडले.

अठरा महिन्यांच्या तपासणीला ती मुलाला घेऊन आली तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता आणि बाहेर पाऊस लागला होता. आमचे बालरोगतज्ज्ञ सहकारी चटईवर त्याच्यासमोर लाल ठोकळे घेऊन बसले. चार शब्द स्पष्ट बोलतो, असे आईने सांगितले. ते मोजून सांगताना तिने बोटे दुमडली. मुलाने एका ठोकळ्यावर दुसरा ठेवला. तिसरा ठेवताना तो घसरून खाली पडला. तिने पटकन माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी काही न बोलता तो ठोकळा उचलून पुन्हा त्याच्या मुठीत दिला.