कॅमेरा हातात असला की

लग्नकार्यात चार पाहुणे समोर आले की माझ्या तळहातांना घाम सुटतो, "काय करतोस सध्या?" एवढ्यालाही उत्तर सुचत नाही. म्हणून आता ५० एमएमची लेन्स लावून कॅमेरा घेऊनच जातो. हिला झूम नसतो, जवळचा फोटो हवा तर आपणच दोन पावलं पुढे जायचं, आणि मला नेमकी तेवढीच सवय हवी होती. मावसबहिणीच्या हळदीला लांबच्या नात्यातल्या एका आजींचे हात टिपले, जात्याचा खुंटा धरलेले, बोटांच्या रेघांत हळद बसलेली, एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, मागची गर्दी पार धूसर. स्क्रीनवर दाखवला तर त्यांनी हात धरून शेजारीच बसवलं आणि अर्धा तास जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या, मी ऐकत होतो, मधेमधे विचारतही होतो, कॅमेरा मांडीवर तसाच राहिला.