व्हीगन झाले, आणि बी-१२च्या एका उत्तरासाठी नऊ आठवडे थांबले

व्हीगन आहार जमणे कठीण, असे मला अनेकांनी बजावले होते. प्रत्यक्षात दूध, दही, लोणी, चीज आणि अंडी सुटायला जेमतेम तीन आठवडे लागले. माझ्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व पुरेसे आहे की नाही, या साध्या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर मिळायला मात्र नऊ आठवडे गेले आणि तीनदा रक्त द्यावे लागले. त्या नऊ आठवड्यांचा राग अजून पुरता ओसरलेला नाही, हे आधीच कबूल करते.

सुरुवात कोलेस्टेरॉलपासून झाली. माझे एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, डेसिलिटरला १६२ मिलिग्रॅम आले होते आणि औषध सुरू करण्याआधी तीन महिने आहार बदलून पाहण्याची मुभा डॉक्टरांनी दिली होती. मांस आणि मासे मी कित्येक वर्षांपूर्वीच सोडले होते, त्यामुळे उरलेले प्राणिजन्य पदार्थ वगळणे एवढेच बाकी होते. तीन महिन्यांनी तोच आकडा १३४ वर आला. तो आणखी उतरला असता, पण पहिल्या महिन्यात पाकिटावर व्हीगन असे छापलेली बिस्किटे मी निर्धास्तपणे खात होते. खोबरेल आणि पाम तेल वनस्पतींचेच असले, तरी त्यांत एलडीएल वाढवणारा संपृक्त मेद भरपूर असतो, हे मला उशिरा सुचले.

सातव्या महिन्यात पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बी-१२ केवळ जिवाणू तयार करतात, वनस्पतिजन्य अन्नात ते भरवशाने मिळत नाही आणि प्रौढ माणसाला त्याची रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम गरज असते, हे मी वाचलेले होते. यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षे पुरतो, हेही वाचले होते आणि त्याच वाक्यावर विसंबून मी बी-१२ची गोळी पुढे ढकलत राहिले. मधल्या काळात कुणीतरी सुचवले म्हणून स्पिरुलिना, म्हणजे एक प्रकारचे शेवाळ, घेत होते. तिच्या डबीवर बी-१२चा आकडा ठळक छापलेला होता, पण त्यातील बहुतांश भाग केवळ त्यासारखा दिसणारा आणि मानवी शरीराला निरुपयोगी असतो. ते तीन महिने वाया गेले.

पहिल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिले. ते १३.१ होते आणि तांबड्या पेशींचा आकारही नेहमीसारखाच होता. बसण्याची पद्धत सुधारा, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. पालेभाज्या आणि कडधान्ये भरपूर खाणाऱ्या माणसाला फोलेट हे दुसरे बी जीवनसत्त्व मुबलक मिळते, त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्त चांगले दिसू शकते आणि मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालू राहते, ही गोष्ट मला नंतर वाचून कळली. म्हणून व्हीगन माणसाने हिमोग्लोबिन चांगले आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

मी हट्टाने बी-१२ची तपासणी करून घेतली. अहवालात मिलिलिटरला २३८ पिकोग्रॅम असा आकडा आणि त्यापुढे जाड ठशात ‘सामान्य’ हा शब्द होता, कारण त्या प्रयोगशाळेची किमान मर्यादा २०० होती. २०० ते ३०० हा पट्टा संशयाचा मानला जातो आणि तेथे केवळ या एका आकड्यावर निर्णय करता येत नाही. अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजतात, कारण पेशींना बी-१२ कमी पडू लागले की ही दोन्ही द्रव्ये रक्तात साचतात. डॉक्टरांनी कुरकुरत होमोसिस्टीनची चिठ्ठी लिहून दिली.

आणि तेथे मी अडकले. काउंटरवरच्या माणसाने संगणकात दुसऱ्याच तपासणीचे नाव भरले, ते दुरुस्त करायला वरिष्ठ यावे लागले आणि ते येईपर्यंत माझी रक्ताची नळी माझ्या डोळ्यांसमोर लाकडी स्टँडमध्ये उभी होती. तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही. अहवाल पाच दिवसांत मिळणार होता, तो अठरा दिवसांनी आला. आकडा ३१ होता, म्हणजे १५ या नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. मी घाबरले, पण घाबरल्यावर माणूस बारीक अक्षरेही वाचतो. अहवालाच्या तळाशी दोन वेळा छापलेल्या होत्या: रक्त घेतले सकाळी ८:४० ला, नमुना विभागात पोहोचला दुपारी १:१५ ला. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात, त्यामुळे नळी लगेच बर्फात ठेवून पेशी लवकर वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर आकडा तासागणिक फुगत जातो. माझी नळी साडेचार तास तशीच पडून होती.

मी अहवाल घेऊन परत गेले. पहिल्या दिवशी संबंधित व्यक्ती रजेवर असल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी ‘यंत्राचा आकडा चुकत नाही’ असे ऐकवण्यात आले. यंत्राबद्दल माझी तक्रारच नव्हती, तक्रार यंत्रापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेबद्दल होती, हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर समजावले. लेखी तक्रारीला उत्तर आले, ते ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ एवढेच. पुन्हा मोफत रक्त घेण्याची तयारी त्यांनी अखेरीस दाखवली, पण तोवर त्यांच्याकडे हात पुढे करण्याची माझी इच्छा उरली नव्हती. या सगळ्या काळात, उत्तर आल्याशिवाय गोळी घेतली तर तपासणी बिघडेल, या समजुतीने मी काहीही घेत नव्हते आणि मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या होत्या.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणीच विचारला नव्हता: इतर कोणती औषधे चालू आहेत? मी दोन वर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या घेत होते. अन्नातील बी-१२ प्रथिनांपासून सुटे होण्यासाठी पोटातील आम्ल लागते, आणि ते दोन वर्षे दाबलेले होते. म्हणजे व्हीगन होण्याआधीच माझा साठा आटत आला असावा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही बी-१२ घटण्याचा धोका लक्षात ठेवावा. या डॉक्टरांनी मिथाइलमॅलोनिक आम्लासाठी रक्त घेतले, मूत्रपिंड मंदावले तरी ते आम्ल वाढते म्हणून मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही मोजायला सांगितले, आणि अहवालाची वाट न पाहता त्याच दुपारी बी-१२चे पहिले इंजेक्शन दिले. रक्त घेऊन झाले की उपचार थांबवण्याचे काहीच कारण नसते, हे त्यांचे वाक्य ऐकून मागचे सगळे आठवडे मला एकदम बोचले. अहवाल ०.६२ आला. त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा ०.४० होती.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आहार बदलण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे आणि गोळी पहिल्याच दिवसापासून सुरू करावी. तूट नसेल तर रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम पुरते. या दोन आकड्यांतील तफावत विचित्र वाटते, पण एका वेळी आतडे दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलते आणि त्यापुढच्या मात्रेतील जेमतेम एक टक्का आत जातो. मुंग्या सुरू झाल्या असतील, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचे असते, तेही पाहावे. डी-३ जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून बनवतात. दगडफुलापासून काढलेलेही मिळते. पाकिटातील वनस्पतिजन्य दुधात मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून पाकीट जोराने हलवूनच ओतावे. मी पहिले चार महिने वरचे पाणीच पीत होते. लोहासाठी कडधान्यांसोबत लिंबू किंवा आंबट फळ घ्यावे आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने प्यावी. पालकातील कॅल्शियमवर भिस्त ठेवू नये, त्यातील ऑक्झलेट ते शोषू देत नाही.

माझ्या मुंग्या दोन महिन्यांत घोट्यावरून बोटांपर्यंत उतरल्या. उजव्या अंगठ्याच्या टोकाला थोडा बधिरपणा अजून आहे. गेल्या तपासणीत मिथाइलमॅलोनिक आम्लाचा आकडा ०.२१ होता आणि एलडीएल १२६. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे, अर्थात दुसऱ्या प्रयोगशाळेत.