दोन चुका आणि एक केबल

काकांच्या डीटीपीच्या कॉम्प्युटरवर सात-आठ वर्षांच्या लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या असा मिळून १६० एमबीचा संसार होता, आणि तो नव्या मशीनवर न्यायचा होता. गोष्ट २००५ची. जुन्यावर विंडोज ९८, म्हणजे पेन ड्राइव्ह लावला की ड्रायव्हर मागणार, सीडी रायटर नाही, लॅन कार्ड नाही. फ्लॉपीनं न्यायचं तर एकशे बारा फ्लॉप्या, आणि त्यातली ऐंशीवी नेमकी वाचली जाणार नाही हे ज्यांनी फ्लॉप्या वापरल्यात त्यांना सांगायला नको. हार्ड डिस्क काढून लावायची की, असं कोणी म्हणेल, पण नवं मशीन वॉरंटीत होतं, त्याच्या सीलला काका हात लावू देईनात.

मग मी पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हणलं काका, दोन्हीला मागं नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, मधे एक केबल टाकली की झालं, विंडोजमधे सोय आहे त्याची. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन केबल आणली, एका मशीनला होस्ट केलं, म्हणजे फाइली देणारा, दुसऱ्याला गेस्ट, म्हणजे घेणारा, आणि कनेक्ट दाबलं. काही नाही. दोन्ही डबे एकाच टेबलावर, वीतभर अंतरावर, आणि बोलणं बंद, भाऊबंदकीत असतं तसं.

आता इथं मी हुशारी केली. नव्या मशीनवर अँटीव्हायरसबरोबर आलेला फायरवॉल होता, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणारा पहारेकरी, तोच आडवा येत असणार म्हणून तो बंद केला, परत कनेक्ट, परत काही नाही. म्हणजे फायरवॉल निर्दोष. तो परत चालू केला आणि मनातल्या यादीवर त्याच्यापुढं काट मारली. ती काट मला पुढं अख्खी संध्याकाळ महागात पडली.

मग शिस्तीत सुरुवात केली. हायपरटर्मिनल, म्हणजे टाइप केलेलं थेट पोर्टावर पाठवणारा विंडोजमधला प्रोग्रॅम, उघडलं, त्यातला फ्लो कंट्रोल (समोरच्याच्या होकाराची वाट बघणं) बंद केला, केबल काढून पोर्टाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना यू पिन वाकवून एकमेकींना जोडल्या आणि टाइप केलं. अक्षरं स्क्रीनवर परत आली. पोर्ट ३ वरनं बोलतो आणि २ वर ऐकतो, दोन्ही जोडल्या की स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकू येतं. दुसऱ्या मशीनवरही तेच. पोर्ट शाबूत. केबल लावली की मात्र शुकशुकाट. म्हणजे केबल.

गंमत अशी की केबल तुटलेली नव्हती, चुकीची होती. सीरियल पोर्टाचा हा आरएस-२३२ प्रकार १९६० सालापासूनचा, कॉम्प्युटर किंवा टर्मिनल मॉडेमला जोडायला काढलेला. मॉडेमचं तोंड आणि कान उलट बाजूला असतात म्हणून तिथं सरळ केबल चालते. इथं दोन्ही बाजूंना कॉम्प्युटर, दोघंही ३ वरनं बोलणार आणि २ वर कान लावून बसणार, मग ऐकणार कोण? वायरी उलटसुलट हव्यात, २ ची ३ ला, ७ ची ८ ला, ४ ची समोरच्या ६ ला, फक्त ग्राउंडची ५ नंबर सरळ. दुकानदारानं मला साधी सरळ केबल दिली होती (आणि मी काय मागितलं होतं ते मला आता आठवत नाही, त्यामुळे त्याला फार बोलत नाही). काकांनी सोल्डरिंग गन काढली, एक टोक कापून परत जोडलं. इकडं ‘अ’ दाबायला गेलो, काकांचा मराठी कीबोर्ड चालू असल्यामुळं तिकडं भलतंच अक्षर उमटलं, पण उमटलं!

परत कनेक्ट. जोडलं गेलं, पासवर्डही घेतला. आणि फोल्डर दिसेना. होस्टचं नाव सांगा म्हणे. सांगितलं. तरी नाही. काका म्हणाले, "अरे बोलतायत ना दोघं? मग दार का उघडत नाहीत?"

मी शेअरिंग बघितलं, वर्कग्रुपचं नाव बघितलं, स्पीड सेकंदाला १,१५,२०० बिटांवरनं ९,६०० वर आणून पाहिला आणि परत चढवला, बिचारी केबल परत तपासली. फायरवॉल? छे, तो तर मी तपासलाय ना. चूक एकच असती तर तो बंद करताच कळलं असतं. चुका दोन होत्या, एक बरोबर केली तरी दुसरी वाट अडवून बसलेली, त्यामुळं बरोबर केलेली गोष्टच मी स्वतःच्या हातानं परत बिघडवली होती. हायपरटर्मिनलची अक्षरं थेट पोर्टावरनं जातात, फायरवॉलचा तिथं संबंधच नाही. फाइल शेअरिंग मात्र नेटवर्कमधनं येतं, १३९ नंबरच्या दारानं, आणि फायरवॉलला ही नवी जोडणी म्हणजे बाहेरचं इंटरनेट वाटत होतं. रात्री साडेनऊला, दुसरं काही सुचेना म्हणून, तो परत बंद केला आणि फोल्डर उघडला. काकांना मी हे सगळं समजावलं नाही, नुसतं म्हणलं, झालं.

१,१५,२०० च्या स्पीडला सेकंदाला अकरा केबी, म्हणजे किमान चार तास. काका खुर्ची ओढून बसले आणि फाइलींची नावं सरकताना वाचत राहिले, ह्याचं लग्न झालं, ह्यानं अजून पैसे दिले नाहीत. पहाटे दोनला सगळं आलं. त्यांनी पहिली पत्रिका उघडली, तर चि. सौ. कां. च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा खच. फाँट आणायचेच राहिले होते.

"किती वेळ?"

"एक एमबी. दीड मिनिट."

काकांनी उठून चहा टाकला.