कादंबरीतल्या वाड्यासाठी पुण्याच्या पेठा फिरणार असाल तर

सगळ्यात आधी पैशाचं बोलते. "जुने वाडे आतून दाखवतो" अशी जाहिरात बघून कुणाला माणशी बाराशे रुपये देऊ नका. मी दिले. रविवारी सकाळी सातला शनिवारवाड्यासमोर जमलो, तिथून कसबा, शनिवार, नारायण पेठ अशी पायपीट, आणि दर वाड्यापाशी दिंडी दरवाजासमोर रस्त्यात उभं करून सनावळी ऐकवली. आत एकदाही नेलं नाही. विचारलं तर "आत लोक राहतात ना मॅडम". मग जाहिरातीत "आतून" कशाला लिहायचं? ही सरळसरळ फसवणूक आहे आणि अजून डोक्यातून जात नाहीये.

माझ्या कादंबरीत एका कारकुनाचा दोन चौकी वाडा आहे, नदीच्या बाजूच्या पेठेतला. त्यातली एक बाई रात्री कुणाला कळू न देता माडीवर जाते आणि नेमकं तिथेच लिखाण अडलं होतं. ती कुठून जाते, पायाखाली काय असतं, हात कशाला धरतो हे कळल्याशिवाय पुढचं वाक्यच येईना.

त्यासाठी शनिवारवाडा सोडून द्या. 1732 ला वास्तुशांत झालेला वाडा, 1828 च्या आगीत आतलं सगळं गेलं, आता जोती आणि हिरवळ. हत्तींची धडक थोपवायला दिल्ली दरवाजाला बसवलेले खिळे बघा, नगारखान्यावर चढा, पाऊण तासात बाहेर. विश्रामबागवाडा मात्र चुकवू नका, 1807 चा, दुसऱ्या बाजीरावाचा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब आणि त्यावरची केळफुलं बघत मान दुखेपर्यंत उभं राहावं असं काम आहे. दुरुस्तीसाठी काही भाग बंद असू शकतो, आधी चौकशी करा. पण ते पेशव्याचं घर, कारकुनाच्या ओसरीवर असले खांब लावलेत तर वाचकाला पटणार नाही. केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कोरीव दारं आहेत, दुपार छान गेली.

खरा वाडा बघायला मिळाला तो मैत्रिणीच्या आत्येसासूबाईंच्या ओळखीने, शनिवार पेठेत. बाहेरून काहीच नाही, खाली झेरॉक्सचं दुकान आणि बाजूच्या बोळात वाकून जायचं दार. देवडी, मग चौक, चौकात बुजवलेला आड, ओसरीवर एक आजी तांदूळ निवडत बसलेल्या. माडीवर जाऊ का विचारलं तर म्हणाल्या, "जा की, पण दोर सोडू नका."

जिना भिंतीच्या पोटात आहे. भिंतच एवढी जाड. आत शिरलं की दोन्ही खांदे घासतात, पायऱ्या दगडी, गुडघ्याएवढ्या उंच, मधोमध झिजून खोलगट झालेल्या, आणि काटकोनात वळतो तिथे स्वतःचा हात दिसत नाही. वरून एक जाड दोर सोडलाय, पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला, त्याच्यावर भार टाकूनच चढायचं. मोबाईलचा टॉर्च विसरा, दोन्ही हात लागतात. चपला चौकातच काढाव्या लागतात आणि तेच बरं, कारण तळव्याला खड्डा कळतो. साडी किंवा मोठी ओढणी नको. उतरताना पाठमोरं उतरा, शिडीवरून उतरतात तसं, तोंड पुढे करून उतरायचा हट्ट अजिबात करू नका. सिंहगड चढून ज्यांचे पाय दुखत नाहीत त्यांचेही इथे थरथरतात.

वर पोचलं की आडवं दार. ते पाडून अडसर सरकवला की खालच्या माणसाला वर यायची सोयच नाही! आणि अजून एक. दगडी पायऱ्यांवर अनवाणी पावलांचा आवाज होत नाही, पण माडीची जमीन म्हणजे खालच्या माजघराचा कडीपाट, तुळयांवर फळ्या आणि वर माती, मी पहिलं पाऊल टाकलं आणि खालून आजींची हाक आली, "सावकाश, माती गळतीय". म्हणजे माझी बाई जिन्यात सापडणारच नाही, ती सापडेल माडीवरच्या पहिल्या पावलाला, माजघरात झोपलेल्या माणसाच्या तोंडावर माती पडेल तेव्हा. मी तिथेच उभी राहून अख्खा प्रसंग मोबाईलवर बोलून घेतला. बाराशे रुपयांच्या वॉकमध्ये हे जन्मात मिळालं नसतं.

काळ 1961 नंतरचा असेल तर 12 जुलैचा पानशेतचा पूर धरूनच लिहा. नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे त्यात बसले, पाणी कुठवर चढलं होतं ते आजींनी माजघराच्या भिंतीवर हात वर करून दाखवलं. भाडेकरूही विसरू नका, जुन्या कायद्याने गोठलेली भाडी, त्यात मालक डागडुजी करत नाही आणि भाडेकरू जागा सोडत नाही, यात पेठांमधले निम्मे वाडे अडकलेत असं वाटावं इतक्या ठिकाणी हेच ऐकलं.

तळघर हवं असेल तर सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ बघा, अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं. तळघर बहुतेक वेळा बंद असतं, तरी दर्शनी भागावरचा साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवतीचे गोरे शिपाई बघण्यासाठी तरी जाच. कसब्यातून दुपारी चालत मात्र जाऊ नका, रिक्षा करा, तीही मीटरने. मेट्रोने येणार असाल तर शनिवारवाड्याला कसबा पेठ, विश्रामबागेला मंडई स्टेशन.

जायचं तर लवकर जा. 1848 ला मुलींची शाळा भरली तो भिडेवाडा 2023 मध्ये पाडला, साध्या वाड्यांची तर कुठे बातमीही होत नाही. पावसाळ्यात नको, भिंती ओल धरतात आणि धोकादायक वाड्यांना नोटिसा लागलेल्या असतात. ओळख काढूनच जा, दुपारी एक ते चार कुणाची कडी वाजवू नका, मालक आणि भाडेकरू दोघांनाही विचारा. पहिला प्रश्न "बिल्डरकडून आलात का?" हाच येतो, तेव्हा कादंबरी लिहितेय असं सरळ सांगायचं. आणि मेजरिंग टेप आल्याआल्या बाहेर काढू नका, तो दिसला की संशय पक्का होतो. आधी चहा होऊ द्या, मग विचारून मापं घ्या, नाहीतर पायरी वितीने मोजा.