आधी शी मऊ, मग पॉटी

डायपर सोडवायला घेतलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष शूवर असतं. फरशी ओली, गादी ओली, कोणाच्या तरी मांडीवर धार, यातच दिवस जातो. पण शू हा या कामातला सोपा भाग. गाडी अडते ती शीपाशी. शू मूल फार तर काही तास धरेल, मग ती आपोआप सुटते. शी मात्र ते चार-चार दिवस धरून ठेवू शकतं. म्हणून पॉटी आणायच्या आधी आठवडाभर फक्त एवढंच बघा: शी करताना कुंथावं लागतं का, खडे पडतात का, मूल रडतं का, दोन-दोन दिवस होतच नाही असं घडतं का. यातलं काहीही दिसलं तर पॉटी पुढे ढकला. आधी शी मऊ करा.

कारण सरळ आहे. एकदा शी करताना दुखलं की मूल पुढच्या वेळी ती धरून ठेवतं. धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक आणि जाड होते, बाहेर येताना जास्त दुखतं आणि मूल आणखी निर्धाराने धरून ठेवतं. असं आठवडेच्या आठवडे चाललं की मलाशय ताणलं जातं आणि ‘आली’ ही जाणीवच बोथट होते. मग कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागत राहते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले किंवा मूल आळशीपणा करतंय. प्रत्यक्षात ती बद्धकोष्ठता असते, आणि मुलाला हे झिरपणं कळतही नसतं. त्यावरून रागावणं म्हणजे मुलावर निव्वळ अन्याय आहे.

धरून ठेवण्याची मुद्रा ओळखायला शिका. मूल टाचा उंचावतं, पाय एकमेकांवर आवळतं, पाठ ताठ करतं, चेहरा लाल होतो, टेबल घट्ट पकडून जागच्या जागी डुलतं किंवा पडद्यामागे जाऊन उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं जोर लावतंय, आता होणार. बहुतेकदा ते सगळा जोर शी आत ठेवण्यासाठी लावत असतं. त्या वेळी ‘जोर लाव, जोर लाव’ असा गजर केला तर भीती वाढते. जवळ बसा, पाय गुडघ्यांत वाकवून बसवता आलं तर बसवा आणि हलक्या आवाजात बोला.

शी मऊ करायची म्हणजे पाणी पुरेसं, फळं-भाज्या रोज आणि दूध बेताचं, दिवसाला साधारण अर्धा लिटर. दुधावरच पोट भरणाऱ्या मुलांच्या जेवणात चोथा कमी पडतो. एवढ्याने भागलं नाही तर बालरोगतज्ज्ञ पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखं औषध देतात. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती औषध मनाने बंद करण्यात. चार दिवस छान शी झाली म्हणून थांबवलं की ताणलेलं मलाशय अजून मूळ आकाराला आलेलं नसतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. औषध किती दिवस आणि कसं कमी करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता वय. बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हातरी तयार होतात, आणि हा पल्ला खरोखरच एवढा मोठा असतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली मुलाच्या कलाने जाण्याची पद्धत मांडली. पुढे १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ नेथन एझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी भरपूर सराव आणि लगेच बक्षीस देणारी झटपट पद्धत आणली. आजही बहुतेक सल्ले या दोन पद्धतींच्या मधेच कुठेतरी फिरतात. माझा कौल पहिल्या बाजूला आहे, कारण झटपट पद्धतीत शू लवकर जमते पण घाबरट मूल शी धरायला लागण्याचा धोका असतो. तयारीची खूण कॅलेंडरवर शोधू नका. डायपर दीड-दोन तास कोरडा राहतो का? मूल चड्डी स्वतः खाली ओढू शकतं का? शी करायला कोपऱ्यात जातं का? कोपऱ्यात जाणं ही फार चांगली खूण आहे, कारण शी येणार हे त्याला आधी कळतं असा तिचा अर्थ.

पॉटी बुटकी हवी. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आले पाहिजेत. मलाशयाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा असतो, तो मार्गाला बाक देऊन शी अडवतो. उकिडवं बसलं की तो सैलावतो आणि मार्ग सरळ होतो. मोठ्या कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पडण्याच्या भीतीने सगळं अंग आखडतं आणि काहीच होत नाही. तिथे लहान सीट आणि पायाखाली भक्कम स्टूल दोन्ही लागतात. नुसती सीट आणून भागत नाही.

पॉटीचे स्वतःचे काही कारनामे असतात. उघड्या मांड्या प्लास्टिकला चिकटतात, मूल खुशीत उठतं आणि पॉटी त्याच्याबरोबर उठते. मग आतला ऐवज जमिनीवर. खाली रबराची कड असलेली, रुंद बुडाची पॉटी घ्या आणि मूल उठताना ती एका हाताने दाबून धरा. भांड्यात आधीच दोन चमचे पाणी किंवा टिश्यूचा तुकडा टाकला तर शी चिकटत नाही आणि खरवडत बसावं लागत नाही. आणि भांडं सुटं निघत असेल तर मूल ते अभिमानाने उचलून पाहुण्यांना दाखवायला आणणार, हे धरूनच चाला. पॉटी बाथरूममध्येच ठेवली की हा प्रवास छोटा होतो.

बसवायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे जेवणानंतर वीस ते तीस मिनिटांनी. पोट भरलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची जन्मजात सोय आहे, ती वापरा. तीन ते पाच मिनिटं पुरेत. काही झालं नाही तरी उठू द्या. अर्धा तास खिळवून ठेवलेलं मूल पॉटीचा तिरस्कारच शिकतं. शूसाठी उठल्यावर, बाहेर जाण्यापूर्वी, झोपण्यापूर्वी आणि मधे दीड-दोन तासांनी. अडीच वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण शंभर ते सव्वाशे मिली लघवी मावते. दर पंधरा मिनिटांनी नेत राहिलात तर ते भरल्याची जाणीव मुलाला होणारच नाही. मग त्याच्याऐवजी तुम्हीच शिकता.

‘शू आली का?’ असं विचारू नका. खेळात रमलेल्या मुलाचं उत्तर कायम ‘नाही’ असतं आणि अर्ध्या मिनिटात चटईवर तळं. ‘चल, शूची वेळ झाली, आधी तू बसणार की तुझी बाहुली?’ असं म्हणा. निवड त्याची, वेळ तुमची.

मुलग्यांना सुरुवातीला बसूनच करू द्या. शू करता करता शीही होऊन जाते. बसल्यावर थोडं पुढे झुकवायचं आणि लिंग खाली वळवायला शिकवायचं, नाहीतर धार सरळ समोरच्या भिंतीवर जाते. पॉटीला पुढे उंच प्लास्टिकची ढाल असते, ती बसता-उठताना लागू शकते. एकदा लागलं की मूल पुन्हा बसायला तयार होत नाही, त्यामुळे मऊ किंवा काढता येणारी ढाल बरी. मुलींनी गुडघे फाकवून बसावं. मांड्या जुळवून बसलं तर थोडी लघवी आत अडकते आणि उठल्यावर चड्डीत उतरते. धुताना, पुसताना हात नेहमी पुढून मागे.

घरात काही दिवस कमरेखाली उघडं ठेवणं चांगलं चालतं, पण चड्डी घातली की सगळं विसरल्यासारखं होतं. कमरेला घट्ट काही बसलं की शरीराला डायपरच वाटतो. मधला टप्पा म्हणून चड्डी न घालता नुसती सैल, इलॅस्टिकची पॅन्ट घाला. बटणं, बेल्ट, एकसंध कपडे काही महिने कपाटात. डायपरसारख्या चड्ड्या प्रवासात ठीक, पण त्यातलं शोषक पॉलिमर लघवी इतकी पटकन ओढून घेतं की ओलं झाल्याचं मुलाला कळतच नाही. शिकण्यासाठी सुती चड्डीच हवी.

सांडलं तर चोळू नका, जाड कापडाने दाबून टिपा. मग गार पाणी, मग एन्झाइम असलेलं क्लीनर आणि ते सांगितलेल्या वेळेपर्यंत ओलं ठेवा. वास राहतो तो घाईने पुसल्यामुळे. लघवीवर ब्लीच ओतू नका, त्यातल्या अमोनियाशी क्रिया होऊन घशाला झोंबणारा वायू तयार होतो. शीचे कपडे आधी खरवडून गार पाण्याखाली धरा. गरम पाण्याने डाग पक्का होतो. आणि दुपारच्या झोपेनंतर मूल भिंतीवर शीने चित्र काढताना सापडलं, तर ‘ई, घाण!’ म्हणून किंचाळू नका आणि हसूही नका. दोन्हींमुळे प्रयोग पुन्हा होतो. शांतपणे धुवा. पुढचे काही दिवस मागून बंद होणारा कपडा घाला, झोपेतून उठल्याबरोबर खोलीत जा आणि दिवसा खेळायला भिजवलेली कणीक किंवा माती द्या.

फ्लशची भीती खरी असते. आवाज मोठा, आणि आपल्या अंगातून निघालेली वस्तू कुठेतरी खेचली जाते. मूल बाहेर गेल्यावर फ्लश करा. आपोआप फ्लश होणाऱ्या कमोडच्या सेन्सरवर चिकट कागद लावा. शी फक्त डायपरमध्येच करणाऱ्या मुलाला डायपर नाकारू नका, नाहीतर ते धरून ठेवेल आणि वरचं चक्र सुरू होईल. डायपर द्या, पण बाथरूममध्ये. काही दिवसांनी डायपर घालूनच पॉटीवर बसवा. मग डायपर सैल, मग बुडाशी भोक पाडलेला, मग नुसता पॉटीत अंथरलेला. प्रत्येक पायरीला शी सहज होऊ लागली की मगच पुढची.

जमलेलं सगळं भावंड आल्यावर, आजारपणात किंवा घर बदलल्यावर बिघडू शकतं. काही आठवड्यांत सावरतं. पण लघवी करताना दुखत असेल, ताप असेल, शीत रक्त दिसलं किंवा कोरडं राहणारं मूल अचानक सारखी लघवी करून खूप पाणी मागू लागलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

रात्रीचं मात्र शिकवता येत नाही. रात्री लघवी कमी करणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आणि झोपेतून जागं करणारी जाणीव दोन्ही आपापल्या वेळेला पिकतात. पाच वर्षांच्या साधारण १५ टक्के मुलांचं अंथरूण ओलं होतं आणि घराण्यात हे असतं. त्यामुळे गादीवर वॉटरप्रूफ आवरण, त्यावर चादर, पुन्हा आवरण, पुन्हा चादर असे दोन थर घाला. मध्यरात्री वरचा थर ओढून बाजूला टाकला की खाली कोरडं अंथरूण तयार असतं.