तीन नंबर ओरडतो, चार नंबर गप्प

सकाळी पावणेसातला फोन. "काका, तीन नंबर परत वाजतोय."

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं बॉयलर हाऊस. आठ चॅनेलचं गॅस डिटेक्शन पॅनेल, म्हणजे गॅसगळती पकडणाऱ्या आठ डिटेक्टरांचं, आणि त्या आठवड्यातली ही तिसरी सकाळ. पाऊस लागला की वाजतो, ऊन पडलं की साडेदहाच्या सुमाराला आपोआप गप्प. आधी येऊन गेलेल्या माणसाने पॅनेलमधलं कार्ड बदललं होतं. फरक शून्य. शिफ्टवाल्या पोरांनी मग स्वतःचा उपाय काढला: हूटरच्या तोंडात चिंधी.

ठाण्याला दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली. पोचलो तेव्हा पॅनेलवर २४ टक्के एलईएल. एलईएल म्हणजे हवेत गॅसचं जे कमीत कमी प्रमाण झालं की तो पेटू शकतो ते; त्याचे हे २४ टक्के. पहिला अलार्म २० ला, दुसरा ४० ला. ४० ला गेलं की गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि बॉयलर बसतो. म्हणून आधी परमिट, मग चावी फिरवून चॅनेल इनहिबिटवर, म्हणजे त्याच्या अलार्मने व्हॉल्व्ह बंद होऊ नये. शिकाऊ असताना एकदा ही चावी फिरवायला विसरलो होतो. अख्खा प्लँट बसला आणि साहेबांनी दिलेल्या शिव्या अजून तोंडपाठ आहेत.

मग हातातला पोर्टेबल मीटर घेऊन वर चढलो. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ. रोज खोटं वाजतं म्हणून आजही खोटंच असेल असं मी धरत नाही. मीटरवर शून्य. बरं.

खाली येऊन तीन नंबरची सिग्नलची वायर सोडवली आणि तिथे कॅलिब्रेटर लावला, म्हणजे हवा तेवढा करंट मोजून देणारं यंत्र. ४ मिलिअँप दिले, पॅनेल म्हणालं ०. १२ दिले, ५०. २० दिले, १००. म्हणजे बदललेलं कार्ड चांगलं होतं आणि काढलेलंही बहुतेक चांगलंच असणार. वायर परत जोडली, मल्टिमीटर सिरीजमध्ये: ७.८ मिलिअँप. पुन्हा शिडी. डिटेक्टरपाशी तसाच मीटर घातला: ४.०. वरून चार निघतात, खाली पावणेआठ पोचतात. मधे कुणीतरी ३.८ ची भर घालतंय.

मधे होता जंक्शन बॉक्स, बाहेरच्या भिंतीवर. केबल वरच्या बाजूने आत घेतलेली, ग्लँड, म्हणजे केबलभोवतीचं घट्ट बूच, हाताने फिरेल इतका सैल. सप्लाय बंद करून झाकण उघडलं तर तळाशी चहाच्या कटिंगएवढं पाणी आणि टर्मिनलवर हिरवा थर. २४ व्होल्टचं टर्मिनल आणि सिग्नलचं टर्मिनल शेजारी शेजारी; मधल्या ओलीतून करंट सरळ सिग्नलवर. ऊन पडून ओल सुकली की आजार बरा. टर्मिनल नवीन टाकले आणि केबल वळसा देऊन खालून आत घेतली. मेगर, म्हणजे केबलचं इन्सुलेशन तपासणारा मीटर, मारायचा तर दोन्ही टोकं सोडवून. डिटेक्टर जोडलेला असताना ५०० व्होल्ट दिले की त्याचं कार्ड गेलंच म्हणून समजा.

शेवटी गॅस देऊन बघायचं. माझ्या बाटलीत अडीच टक्के मिथेन, म्हणजे ५० टक्के एलईएल. हे एलईएल ५ टक्के धरून. हल्ली काही पॅनेल ४.४ धरतात, तिथे तोच गॅस ५७ च्या आसपास दिसतो आणि लोक उगाच स्पॅन, म्हणजे रीडिंग जुळवायची सेटिंग, फिरवत बसतात. तीन नंबर अर्ध्या मिनिटात ४९ ला गेला.

शिडी लावलेली, बाटली उघडी, म्हणून शेजारच्या चार नंबरलाही गॅस द्यायचा कप लावला. खालून पोरगा ओरडला, "काका, त्याचा कधीच त्रास नाही!"

एक मिनिट गेलं. दोन गेली. पॅनेलवर ५. हिरवा दिवा लागलेला, गॅस नसताना करंट बरोब्बर ४.०, फॉल्ट नाही. तार तुटली असती, करंट पडला असता, तर पॅनेलने पिवळा दिवा लावला असता. पण ज्याच्यावर गॅस जळतो म्हणून तो कळतो, तो आतला मणीच मेलेला, हे पॅनेलला कसं कळणार? त्याच्या लेखी हवा स्वच्छ.

बरोबर खाली ब्लोअर होता आणि ब्लोअरच्या मागे सिलिकॉन स्प्रेचा डबा. पट्टा किरकिरला की दोन फवारे. हाच स्प्रे अशा मण्यांचं विष. एकदा वरून थर बसला की गॅस त्यावर जळत नाही. किती महिने हे चाललं होतं, देव जाणे.

नवा सेन्सर स्टोअरमध्ये नव्हता. लॉगबुकात लाल पेनाने लिहिलं, पोर्टेबल मीटर तिथेच टांगून ठेवायला सांगितला आणि डबा उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "पण कंप्लेंट तर तीन नंबरची होती ना? चारचं बिल वेगळं लावणार का?"

निघताना हूटरमधली चिंधी काढून खिशात कोंबली. ऐरोलीला गाडी थांबली तेव्हा रुमाल समजून तिनेच तोंड पुसलं. ठाण्यापर्यंत नाकात ग्रीसचा वास.