टाके निघाले

शनिवार, रात्री साडेनऊ

आज खालच्या डाव्या बाजूच्या हिरडीचे टाके काढले. दहा दिवस त्या बाजूनं चावायचं नव्हतं, ब्रशही लावायचा नव्हता. मऊ भात, ताक, नाचणीची आंबील एवढ्यावरच दिवस काढले. जीभ सारखी दोऱ्याच्या गाठीवर जायची. येताना बसमध्येही जात होती, गाठ नव्हती तरी.

जूनपासूनची ही सहावी खेप. लेक शहापुरात राहते, म्हणून निपाणीहून बेळगावचे डॉक्टर धरले. पहिल्या दिवशी त्यांनी खुणा केलेली बारीक सळई एकेका दाताच्या कडेनं हिरडीत घालून मापं घेतली, एका दाताला सहा ठिकाणी. ते कानडीत आकडा सांगायचे, बाजूची मुलगी लिहून घ्यायची. मूरु, मूरु, नाल्कु. बाजारात भाव ऐकून ऐकून आकडे मला पाठ आहेत. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटत चाललीय, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग आरु आलं. मग एळु. सात! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी लिहायची थांबली, म्हणाली, "दुखालंय काय, काकू?" दुखत नव्हतं. आई आठवली होती.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरी आणलेला चुरा ती तव्यावर काळा होईपर्यंत भाजायची आणि दातांना लावायची मिश्री म्हणून डबीत भरायची. चौदाव्या वर्षी मी त्याच डबीत बोट घातलं. मिश्रीनं हिरडी घट्ट राहते, असं गल्लीतल्या सगळ्या बायका सांगायच्या, आणि रक्त तर कुणालाच येत नसे. पन्नाशीत आईचे पुढचे दात हलून हलून पडले. तेव्हाही रक्त असं फारसं आलंच नाही.

मी चार वर्षांपूर्वी मिश्री सोडली. दोनेक महिन्यांत ब्रश केला की थुंकी लाल दिसायला लागली. सोडल्यामुळंच हे झालं असं वाटून परत सुरू करायच्या बेतात होते. एका दवाखान्यात हलणारी दाढ काढून दिली, हिरडीकडं कुणी बघितलंही नाही. त्याचा राग अजून जात नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून आत सूज असली तरी रक्त दिसत नाही. मुळाशी किटण साचत राहतं, हाड झिजत जातं. तंबाखू सुटली की रक्त पुन्हा नीट फिरतं आणि आधीपासूनचं दुखणं बाहेर दिसतं. चाळीस वर्षं दुखणं आत होतं, आणि मी हिरडी घट्ट आहे म्हणून निश्चिंत होते.

आधी इंजेक्शन देऊन चार खेपांत मुळांपर्यंतचं किटण काढलं. उजवीकडं एका दाताचे सातचे चार झाले. डावीकडं उतरेना, म्हणून हिरडी उघडून साफ करावी लागली. गुळण्यांच्या औषधानं दात तपकिरी पडले, चहाची चव गेली, ते चालेल. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही, आहे ते धरून ठेवायचं, त्यासाठी दर तीन महिन्यांनी यायचं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खचले होते. आता नाही. तंबाखूच्या रानात वाढलेली मी, एका भांगलणीत रान स्वच्छ राहत नाही हे लहानपणापासून माहीत आहे.

घरी पोचले तर शेजारची वैनी दारात बसलेली. तिच्याही तळहातावर मिश्री होतीच. म्हणाली, "सोडली की रक्त येतंय म्हणं, खरं काय?"

खरं आहे, म्हटलं. येतंय. तिला आत घेतलं, दिव्याखाली आरसा धरला आणि खालचा ओठ खाली ओढून दाखवायला सांगितलं. पुढच्या दोन दातांची मुळं उघडी पडली होती, कडेला काळं किटण. रक्ताचा थेंब नाही. ती बराच वेळ आरशात बघत राहिली.

पुढच्या खेपेला माझ्याबरोबर येते म्हणालीय. तिच्या तिकिटाचे पैसे आजच वेगळे काढून ठेवलेत.